वितळणारा बर्फ, चढणारे पाणी आणि आपल्या शंका

१ ऑक्टोबर २०२५ रोजी रोमजवळील कास्तेल गांदोल्फो येथे एक आंतरराष्ट्रीय परिषद भरली होती. दिवंगत पोप फ्रान्सिस यांच्या 'लाउदातो सी' या विश्वपरिपत्रकाला दहा वर्षे पूर्ण झाल्याचे ते निमित्त होते. व्यासपीठावर ग्रीनलंडच्या एका खाडीतून आणलेला, हजारो वर्षे जुना बर्फाचा मोठा खंड ठेवण्यात आला होता. पोप लिओ चौदावे यांनी त्या वितळत्या बर्फावर हात ठेवला व त्यास आशीर्वाद दिला. हवामानबदलाची उघड दिसणारी लक्षणे चेष्टेवारी नेणाऱ्यांविषयी त्यांनी आपल्या भाषणात खेदही व्यक्त केला. ते छायाचित्र जगभर पसरले आणि त्यापाठोपाठ चेष्टाही पसरली. बर्फाला आशीर्वाद देऊन काय होणार, असे विचारणारे पुष्कळ निघाले. त्यांत श्रद्धावंत कॅथॉलिकही होते.

चेष्टा बाजूला ठेवू. परंतु तिच्याआड ज्या शंका असतात, त्या प्रामाणिक असू शकतात. 'तरंगणारा बर्फ वितळला तर पाणी वाढते कुठे?' 'दक्षिण ध्रुवावरचा बर्फ वाढत होता ना?' 'लहानपणापासून पाहतो आहे, समुद्र होता तिथेच आहे.' 'पुन्हा जलप्रलय होणार नाही, असे परमेश्वराने नोहाला वचन दिले आहे.' धर्मग्रामांतील सुशिक्षित मंडळींकडून असे प्रश्न येतात आणि 'पोपसाहेबांनी सांगितले आहे, तेव्हा गप्प बसा' हे त्यांचे उत्तर होऊ शकत नाही. खुद्द 'लाउदातो सी'च्या १८८ व्या परिच्छेदात, वैज्ञानिक प्रश्नांचा निवाडा करण्याचा ख्रिस्तसभेचा दावा नाही, असे स्पष्ट म्हटलेले आहे. बर्फ किती वितळला आणि पाणी किती चढले, हा मोजमापाचा प्रश्न आहे. तो मोजमापानेच सोडविला पाहिजे.

बर्फ दोन प्रकारचा

या विषयातील निम्मा गोंधळ एकाच शब्दामुळे झालेला आहे. आपण 'ध्रुवावरचा बर्फ' असे एकत्रच म्हणतो. वस्तुतः तो दोन अगदी वेगळ्या प्रकारचा आहे.

पहिला सागरी बर्फ. समुद्राचे पाणीच थंडीने गोठून त्याचा थर तयार होतो. तो बहुधा एक ते चार मीटर जाडीचा असतो. हिवाळ्यात त्याचा विस्तार वाढतो, उन्हाळ्यात घटतो. उत्तर ध्रुवावर जमीन नाही. तेथे समुद्र आहे आणि त्यावर हा थर तरंगतो. तरंगणाऱ्या वस्तूने आपल्या वजनाइतके पाणी आधीच बाजूला सारलेले असते, हा आर्किमिडीजचा नियम आपण शाळेत शिकलो. सरबताच्या पेल्यातील बर्फ विरघळला म्हणून सरबत सांडत नाही. तेव्हा सागरी बर्फ वितळल्याने समुद्राची पातळी वाढत नाही, असे शंका घेणारे म्हणतात ते बरोबर आहे. गोड्या व खाऱ्या पाण्याच्या घनतेमुळे पडणारा किरकोळ फरक सोडून देऊ. उत्तर ध्रुवावरचा बर्फ वितळून मुंबई बुडणार, असे जे कोणी व्याख्यानांतून सांगतात, त्यांनी शास्त्राची बाजू घेऊन शास्त्राचेच नुकसान केले आहे.

दुसरा जमिनीवरचा बर्फ. हजारो वर्षे पडलेला हिम दबून-दबून ग्रीनलंड आणि अंटार्क्टिका येथे दोन-तीन किलोमीटर जाडीचे थर झाले आहेत. शिवाय हिमालय, आल्प्स, अलास्का येथील हिमनद्या आहेत. हे पाणी समुद्रात नाही. ते जमिनीने अडवून ठेवलेले आहे. ग्रीनलंडचा सर्व बर्फ समुद्रात गेला तर जगातील समुद्र सुमारे ७.४ मीटरने चढेल. अंटार्क्टिकाचा गेला तर सुमारे ५८ मीटरने. असे काही शंभर-दोनशे वर्षांत घडेल, असे कोणताही जबाबदार शास्त्रज्ञ म्हणत नाही. परंतु एवढ्या साठ्यापैकी शेकड्यात एक भाग जरी सुटला, तरी किनाऱ्यावरच्या माणसाला तो पुरेसा आहे.

कास्तेल गांदोल्फोचा तो खंड या दुसऱ्या प्रकारचा, हिमनदीतून तुटून खाडीत आलेला होता. अशा हिमनगाच्या बाबतीत एक बारकावा लक्षात ठेवण्याजोगा आहे. तो वितळतो तेव्हा पाणी वाढत नाही. जमिनीवरून तुटून समुद्रात पडतो त्याच क्षणी पाणी वाढलेले असते. भरलेल्या पेल्यात बर्फ टाकतानाच सरबत सांडते, तसे.

मग सागरी बर्फाची एवढी चर्चा कशासाठी? दोन कारणांसाठी. ताज्या हिमाने झाकलेला बर्फ सूर्यप्रकाशाचा ऐंशी टक्क्यांहून अधिक भाग परत आकाशात फेकतो. उघडा काळा समुद्र नव्वद टक्क्यांहून अधिक शोषून घेतो. बर्फ हटला की समुद्र तापतो आणि समुद्र तापला की बर्फ आणखी हटतो. दुसरे कारण दक्षिणेकडचे. अंटार्क्टिकाच्या कडेने जमिनीवरून उतरलेल्या बर्फाच्या जाड लाद्या समुद्रावर तरंगत असतात. त्या स्वतः वितळल्याने पाणी वाढत नाही, हे खरे. पण बाटलीच्या बुचाप्रमाणे त्यांनी मागच्या हिमनद्यांना अडवून धरलेले असते. २००२ साली 'लार्सन बी' नावाची सुमारे ३,२५० चौरस किलोमीटरची लादी अवघ्या काही आठवड्यांत फुटली आणि तिच्या मागच्या हिमनद्यांचा समुद्राकडे येण्याचा वेग कित्येक पटींनी वाढला. बूच निघाल्यावर काय होते, हे तेव्हा प्रत्यक्ष मोजता आले.

उत्तरेचा हिशेब

सागरी बर्फाची उपग्रहांद्वारे अखंड नोंद १९७९ पासून आहे. उत्तर ध्रुवाभोवतीचा बर्फ दर सप्टेंबरात सर्वांत कमी होतो. १९८० च्या दशकात त्याचा सप्टेंबरातील विस्तार सत्तर लाख चौरस किलोमीटरच्या आसपास असे. सप्टेंबर २०१२ मध्ये तो सुमारे ३४ लाखांवर आला, म्हणजे जवळजवळ अर्धा.

येथे शंका घेणारे म्हणतात, 'त्यानंतर नवा नीचांक झाला का?' झालेला नाही. २०१२ चा नीचांक अद्याप मोडलेला नाही. इतकेच नव्हे, तर गेल्या वीसेक वर्षांत उत्तरेकडील बर्फ घटण्याचा वेग बराच मंदावला आहे, असे २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासातही मान्य केलेले आहे. समुद्रप्रवाह व वारे यांचे नैसर्गिक चढउतार तापमानवाढीच्या उलट दिशेने गेले की असा विराम काही वर्षे दिसू शकतो, असे त्या अभ्यासाचे म्हणणे आहे. त्याच वेळी दुसरेही एक सत्य आहे: २००७ पासूनच्या प्रत्येक सप्टेंबरातील बर्फ त्याआधीच्या उपग्रहकाळातील कोणत्याही सप्टेंबरापेक्षा कमी भरला आहे. पायऱ्या उतरणारा मनुष्य मध्येच एका पायरीवर थांबला, म्हणून तो वर चढू लागला असे होत नाही. मार्च २०२५ मध्ये, म्हणजे हिवाळ्याच्या शेवटी, बर्फाचा जो कमाल विस्तार असतो, तोही उपग्रहकाळातील सर्वांत कमी नोंदला गेला.

या शंकेला खतपाणी घातले ते अतिशयोक्तीने. डिसेंबर २००७ मध्ये नोबेल शांतता पुरस्कार स्वीकारताना अमेरिकेचे माजी उपराष्ट्राध्यक्ष अल गोर यांनी, उन्हाळ्यातील उत्तर ध्रुवीय बर्फ बावीस वर्षांच्या आत आणि एका अंदाजानुसार अवघ्या सात वर्षांतही नाहीसा होऊ शकेल, असे सांगितले. ते इतरांच्या अभ्यासांचा हवाला देत होते आणि 'होऊ शकेल' असेच म्हणत होते. पण लोकांच्या लक्षात राहिली ती सात वर्षे. २०१४ उजाडले, बर्फ होता. आणि अल गोर खोटे म्हणून सारेच खोटे, असा निष्कर्ष निघाला. प्रवचनपीठावर उभे राहणाऱ्या आम्हा धर्मगुरूंनाही हा धडा नवा नाही. जगाच्या अंताची तारीख सांगणाऱ्यांनी धर्माचे असेच नुकसान केलेले आहे.

दक्षिणेचे कोडे

अंटार्क्टिकाभोवतीचा सागरी बर्फ मात्र अनेक वर्षे खरोखरच थोडा-थोडा वाढत होता. सप्टेंबर २०१४ मध्ये त्याने उपग्रहकाळात प्रथमच दोन कोटी चौरस किलोमीटरचा टप्पा ओलांडला. शास्त्रज्ञांच्या प्रतिकृतींमध्ये ही वाढ नीटशी दिसत नव्हती. त्यांच्यासाठी ते कोडे होते आणि ते त्यांनी लपविले नाही. त्या काळात ज्यांनी 'दक्षिणेकडे बर्फ वाढतो आहे' असे म्हटले, ते त्या शब्दांपुरते खरे बोलत होते.

२०१६ पासून चित्र पालटले. फेब्रुवारी २०२३ मध्ये हा बर्फ १८ लाख चौरस किलोमीटरच्याही खाली गेला. त्याच वर्षीच्या हिवाळ्यात तो जेमतेम १ कोटी ७० लाखांपर्यंत पोहोचला. दोन्ही नोंदी आपापल्या ऋतूतील नीचांक होत्या. तेव्हा २०१४ चा दाखला आज देणे म्हणजे जुन्या पंचांगावरून आजची तिथी सांगणे होय.

महत्त्वाची गोष्ट अशी की, सागरी बर्फ वाढत होता त्याच वर्षांत अंटार्क्टिकाच्या जमिनीवरचा बर्फ घटत होता. हे कळले कसे? २००२ साली सोडलेल्या 'ग्रेस' नावाच्या जोडउपग्रहांनी पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणातील सूक्ष्म बदल मोजून त्या-त्या प्रदेशातील बर्फाचे जणू वजनच केले. २०१८ पासून त्यांचे वारस तेच काम करीत आहेत. या मोजणीनुसार ग्रीनलंड वर्षाला सरासरी सुमारे २७० अब्ज टन बर्फ गमावतो, तर अंटार्क्टिका सव्वाशे ते दीडशे अब्ज टन. सुमारे ३६० अब्ज टन बर्फ समुद्रात गेला की जगातील समुद्र एक मिलिमीटर चढतो. २०२१ ते २०२३ या काळात भरपूर हिम पडल्याने अंटार्क्टिकाचे वजन काहीसे वाढले, हेही याच उपग्रहांनी दाखविले. शंका घेणाऱ्यांनी ती नोंद उचलून धरली. तिच्या आधीची वीस वर्षे मात्र त्यांनी उचलली नाहीत.

आपला देशही या अभ्यासात मागे नाही. गोव्यात वास्को येथे ध्रुवीय व सागरी संशोधनाची राष्ट्रीय संस्था आहे. अंटार्क्टिकावरील 'मैत्री' व 'भारती' या केंद्रांचा कारभार तेथून चालतो. १९८० च्या दशकात आपण उभारलेले पहिले केंद्र 'दक्षिण गंगोत्री' बर्फाच्या लादीवर होते. ते कालांतराने हिमाखाली गाडले गेले. त्यावरून 'बर्फ वाढतो आहे' असे कोणी म्हणेल, तर त्याला एवढेच सांगता येईल की, एका ठिकाणी साचलेले हिम आणि सबंध खंडाचे वजन या निराळ्या गोष्टी आहेत.

समुद्र होता तिथेच आहे काय?

'मी पन्नास वर्षे हाच किनारा पाहतो आहे' हा आपल्याकडचा सर्वांत वजनदार आक्षेप आहे, कारण तो अनुभवाचा आहे. मच्छीमार बांधवांइतके समुद्राला जवळून ओळखणारा दुसरा कोण? तरीही या बाबतीत डोळा अपुरा पडतो. मुंबईच्या आसपास उधाणाच्या दिवशी भरती-ओहोटीतील फरक चार मीटरच्याही पुढे जातो. भांगाच्या दिवसांत तो बराच कमी असतो. पावसाळ्यात वारा पाणी लोटून आणतो. ज्या पाण्याची पातळी रोज दोनदा माणसाच्या उंचीहून अधिक हलते, त्यात एका पिढीत झालेली वीतभर वाढही दिसणार नाही. त्यासाठी रोज, वर्षानुवर्षे, एकाच खुणेपासून मोजावे लागते.

असे मोजमाप मुंबईत आहे. अपोलो बंदर येथील भरतीमापकाची नोंद १८७८ पासूनची असून हिंदी महासागरातील सर्वांत जुन्या नोंदींपैकी ती एक आहे. तिच्यावरून निघणारी दीर्घकालीन वाढ वर्षाला एका मिलिमीटरपेक्षा किंचित कमी भरते, म्हणजे शंभर वर्षांत जेमतेम आठ-नऊ सेंटिमीटर. शंका घेणारे हा आकडा दाखवितात आणि तो खराच आहे. पण ती सव्वाशे-दीडशे वर्षांची सरासरी आहे. सरासरीत आरंभीची संथ वर्षे आणि अलीकडची वेगवान वर्षे एकत्र मिसळतात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी केंद्र सरकारसाठी तयार केलेल्या २०२० च्या अहवालानुसार, उत्तर हिंदी महासागराची पातळी १९९३ ते २०१७ या काळात वर्षाला ३.३ मिलिमीटर या वेगाने वाढली. त्याआधीच्या सव्वाशे वर्षांत हा वेग एक ते पावणेदोन मिलिमीटर होता.

समुद्र सगळीकडे सारखा चढत नाही, हेही पुष्कळांना ठाऊक नसते. स्वीडनमध्ये स्टॉकहोम येथे समुद्र उलट खाली जाताना दिसतो. हिमयुगात तेथील जमिनीवर बर्फाचे प्रचंड ओझे होते. ते उतरल्यापासून जमीन हळूहळू वर येत आहे. पाण्याच्या चढण्यापेक्षा तिचा चढण्याचा वेग अधिक आहे. याउलट जेथे जमीन खचते तेथे समुद्र दुप्पट वेगाने चढल्यासारखा वाटतो. म्हणून एखाद्या एकट्या बंदराचा आकडा सबंध जगाला लावणे चुकीचे, मग तो घाबरविणारा असो वा दिलासा देणारा.

१९९३ पासून उपग्रहांवरील रडार सबंध महासागराची उंची मोजत आहेत. एकामागून एक उपग्रह येत गेले, नोंद तुटली नाही. या काळात जगाचा समुद्र सरासरी दहा सेंटिमीटरच्या आसपास चढला आहे. संयुक्त राष्ट्रांच्या छत्राखालील आयपीसीसी या शास्त्रीय मंडळाच्या २०२१ च्या अहवालात वेगाचे आकडे दिले आहेत: १९०१ ते १९७१ वर्षाला १.३ मिलिमीटर, १९७१ ते २००६ वर्षाला १.९ आणि २००६ ते २०१८ वर्षाला ३.७. या वाढीचा सगळा दोष बर्फाचा नाही. १९७१ नंतरच्या वाढीपैकी सुमारे निम्मी वाढ केवळ पाणी तापून प्रसरण पावल्यामुळे झाली आहे. पृथ्वीवर साठलेल्या जादा उष्णतेचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग समुद्राने पोटात घेतला आहे. बर्फाचा एक कणही वितळला नसता, तरी समुद्र चढलाच असता. 'बर्फ वितळत नाही, म्हणून समुद्र चढत नाही' ही सारी युक्तिवादाची साखळी येथेच तुटते.

बुडणारी बेटे बुडाली का?

मालदीवच्या मंत्रिमंडळाने ऑक्टोबर २००९ मध्ये पाण्याखाली बैठक घेतली, ती अनेकांना आठवत असेल. 'बेटे बुडणार म्हणता आणि नवी विमानतळे बांधता?' असा टोमणा तेव्हापासून चालू आहे. टोमण्याला आधारही मिळाला. पॅसिफिकमधील तुवालू या देशाच्या बेटांची जुनी हवाई छायाचित्रे व नवी उपग्रहचित्रे २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात ताडून पाहिली गेली. १९७१ ते २०१४ या काळात तेथील एकूण जमीन घटली नव्हती; ती सुमारे २.९ टक्के वाढली होती.

हा निष्कर्ष खोटा नाही. पोवळ्यांची बेटे दगडी नसतात. लाटा पोवळ्यांचा भुगा व वाळू किनाऱ्यावर आणून टाकतात आणि बेट आपला आकार बदलत राहते. पण बेटाचे क्षेत्रफळ टिकणे आणि बेटावर माणसाने राहणे यांत अंतर आहे. तेथील गोडे पाणी वाळूखाली खाऱ्या पाण्यावर तरंगणाऱ्या पातळ थरात असते. उधाणाच्या लाटा आत शिरल्या की विहिरी आणि सुरणासारख्या कंदांचे खड्डे खारट होतात. किरिबातीच्या लोकसंख्येत निम्म्याहून अधिक कॅथॉलिक आहेत. त्या देशाच्या सरकारने २०१४ मध्ये दूरच्या फिजी देशात जमीन विकत घेऊन ठेवली. तुवालूच्या नागरिकांना वर्षाला २८० जणांपर्यंत ऑस्ट्रेलियात स्थायिक होता येईल, असा करार २०२४ मध्ये अमलात आला. २०२५ मध्ये पहिली सोडत निघाली, तेव्हा देशाच्या एक तृतीयांशाहून अधिक लोकांनी अर्ज केले. पोटापाण्यासाठी जाणारेही त्यांत असतीलच. तरी एखाद्या धर्मग्रामातील तिसरा हिस्सा कुटुंबांनी गाव सोडण्याचा अर्ज भरला, तर त्या धर्मग्रामाच्या फादरांना काय वाटेल, याची कल्पना करून पाहावी.

शास्त्रज्ञांच्या चुका

लोकांचा विश्वास डळमळण्यास शास्त्रज्ञांची स्वतःची चूकही कारण झाली आणि त्या प्रकरणाचा आपल्या देशाशी थेट संबंध आहे. आयपीसीसीच्या २००७ च्या अहवालात हिमालयातील हिमनद्या २०३५ पर्यंत नाहीशा होण्याची मोठी शक्यता वर्तविलेली होती. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातील निवृत्त अधिकारी विजयकुमार रैना यांनी नोव्हेंबर २००९ मध्ये पर्यावरण मंत्रालयासाठी केलेल्या टिपणात या भाकिताला छेद दिला. मंडळाचे तत्कालीन अध्यक्ष राजेंद्र पचौरी यांनी त्यांच्या म्हणण्याची संभावना जादूटोण्याचे विज्ञान अशा शब्दांत केली. जानेवारी २०१० मध्ये मंडळालाच कबूल करावे लागले की, २०३५ या सालाला शास्त्रीय आधार नव्हता. त्याच सुमारास इंग्लंडमधील ईस्ट अँग्लिया विद्यापीठातील शास्त्रज्ञांची खाजगी ई-पत्रे चोरून प्रसिद्ध करण्यात आली. पुढे चौकशी समितीने त्यांच्या प्रामाणिकपणावर ठपका ठेवला नाही. माहिती देण्यातील मोकळेपणाच्या अभावावर मात्र बोट ठेवले.

पचौरींचा तो शब्द अहंकाराचा होता, असे या लेखकाचे मत आहे. परंतु त्या प्रकरणात चुकले ते साल. हिमनद्या आक्रसत आहेत, हे नव्हे. परमगुरूंच्या विज्ञान अकादमीने २०११ मध्ये पर्वतीय हिमनद्यांविषयी स्वतंत्र अहवाल काढला, तोही याच निष्कर्षाला आला. मूळचे तामिळनाडूचे विख्यात हवामानशास्त्रज्ञ वीरभद्रन रामनाथन २००४ पासून या अकादमीचे सदस्य आहेत. अकादमीचे सभासदत्व धर्म पाहून दिले जात नाही.

नोहाचे वचन

आता धर्माच्या आधाराने घेतलेली शंका. मार्च २००९ मध्ये अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहातील समितीपुढे जॉन शिम्कस या सभासदांनी उत्पत्तीच्या पुस्तकातील आठवा अध्याय वाचून दाखविला. पृथ्वीचा शेवट माणूस करणार नाही, परमेश्वर ठरवील तेव्हाच तो होईल, असा त्यांचा आशय होता. ते कॅथॉलिक नव्हेत. पण असा विचार आपल्यातही आहे. सिडनीचे तत्कालीन आर्चबिशप कार्डिनल जॉर्ज पेल यांनी ऑक्टोबर २०११ मध्ये लंडनमध्ये दिलेल्या व्याख्यानात तापमानवाढीच्या दाव्यांविषयी जाहीर शंका व्यक्त केल्या होत्या. त्यामुळे ते पाखंडी ठरले नाहीत. पोप फ्रान्सिस यांनी ४ ऑक्टोबर २०२३ च्या 'लाउदाते देउम' या पत्रात मात्र, ख्रिस्तसभेच्या आतही आपल्याला या विषयावर तुच्छतेने उडवून लावणारी मते ऐकावी लागतात, म्हणून हे सारे पुन्हा सांगावे लागत आहे, अशा अर्थाचे उद्गार काढले.

उत्पत्ती ९:११ मधील वचन काय सांगते? सर्व प्राणिमात्रांचा नाश करणारा जलप्रलय पुन्हा होणार नाही, एवढेच. कोणताही एक किनारा, एक गाव, एक घर कधीच पाण्याखाली जाणार नाही, असे त्यात म्हटलेले नाही. १९५३ च्या फेब्रुवारीत उत्तर समुद्राने बांध फोडले आणि एकट्या नेदरलँड्समध्ये अठराशेहून अधिक लोक बुडाले. २६ डिसेंबर २००४ रोजी, नाताळच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, वेलांकणीच्या किनाऱ्यावर आलेले शेकडो यात्रेकरू त्सुनामीने ओढून नेले. त्सुनामीचा हवामानाशी संबंध नाही, ती भूकंपाने आली. पण मातेच्या मंदिराला आलेली ती माणसे अश्रद्ध होती, असे कोण म्हणेल? परमेश्वराचा करार खरा आहे. त्याचा विम्याच्या पत्रासारखा उपयोग करणे खरे नाही. आणि जो नोहा या वचनाचा धनी झाला, त्याने पावसाआधी तारू बांधले होते, हेही त्याच पुस्तकात आहे.

आपल्या किनाऱ्यावर

शंका घेणाऱ्यांना जो नियम लावला, तो आपणही पाळला पाहिजे. वसईतील बावखले व विहिरी मचूळ झाल्या, त्याचे खापर चढत्या समुद्रावर फोडण्याचा मोह होतो. मुख्य कारण जवळचे आहे: जमिनीखालचे गोडे पाणी बेसुमार उपसले गेले, टँकरने विकले गेले आणि रिकाम्या जागी खारे पाणी शिरले. दिवंगत फादर फ्रान्सिस दिब्रिटो व हरित वसई संरक्षण समितीने यासाठीच लढा दिला होता. जुलै २०१८ मध्ये वसई-विरार कित्येक दिवस पाण्यात होते, मिठागरांतील कुटुंबे अडकून पडली. ते पाणी समुद्राचे नव्हते, पावसाचे होते, आणि त्याचा निचरा होणारे नाले, खाजणे, पाणथळ जागा आपण बुजविल्या होत्या. समुद्रकिनारी वाळूचा उपसा झाला की किनारा खचतो, त्यालाही ध्रुवाचा बर्फ लागत नाही.

चढता समुद्र या दुखण्यांवर भर घालतो, ती अशी. पातळी थोडी वर गेली की प्रत्येक उधाण त्या उंचीवरून सुरू होते. पूर्वी वीस वर्षांतून एकदा अंगणात येणारे पाणी पाच वर्षांतून एकदा येऊ लागते. भरतीच्या वेळी नाल्याचे पाणी खाडीत उतरण्याचा अवधी कमी होतो. मुसळधार पाऊस व मोठी भरती एकाच वेळी आली की पाणी अंगणातच थांबते. आयपीसीसीच्या अंदाजानुसार १९९५–२०१४ च्या सरासरीच्या तुलनेत २१०० पर्यंत जगाचा समुद्र, प्रदूषण फार वेगाने कमी केल्यास, २८ ते ५५ सेंटिमीटरने चढेल. ते बेसुमार वाढत राहिल्यास ६३ सेंटिमीटर ते सुमारे एक मीटर. पश्चिम अंटार्क्टिकातील थ्वेट्स या एकाच हिमनदीत समुद्र सुमारे ६५ सेंटिमीटर चढविण्याइतका बर्फ आहे. तो किती वेगाने सुटेल, यावर शास्त्रज्ञांत खराखुरा मतभेद आहे. शंका घ्यायचीच तर ती येथे घ्यावी; मात्र येथील शंका दोन्ही बाजूंना जाते, अंदाजापेक्षा कमी तशी अधिकही.

किनाऱ्यालगतच्या धर्मग्रामांत नवी शाळा, सभागृह किंवा दफनभूमीची भिंत बांधायचा विचार होतो, तेव्हा ती वास्तू शंभर वर्षे टिकावी अशीच अपेक्षा असते. म्हणजे तिच्या आयुष्यात वरीलपैकी कोणता ना कोणता आकडा येणारच. आराखडा करणाऱ्या वास्तुविशारदाला जोत्याची उंची कोणत्या भरतीच्या रेषेवरून धरली, एवढे तरी धर्मग्राम समितीने विचारावे. जगभरातील भरतीमापकांच्या नोंदी इंग्लंडमधील लिव्हरपूल येथील संस्थेत १९३३ पासून एकत्र केल्या जातात. मुंबईच्या अपोलो बंदराची नोंदही त्यांत आहे आणि इंटरनेटवर ती कोणालाही विनामूल्य पाहता येते.